संघ बदलत खेळणाऱ्या बास्केटबॉलपटूचे व्यावसायिक आयुष्य: सोलापूरच्या एका पालकांना उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपला मुलगा अठरा वर्षांचा, सहा फूट चार इंच उंचीचा, कुमार गटात महाराष्ट्राकडून खेळलेला आणि सध्या सोलापुरातच अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला आहे. युरोपातील एका दुसऱ्या श्रेणीच्या क्लबशी करार करून देतो असे एका मध्यस्थाने सांगितले असून, नोंदणी आणि चाचणीच्या नावाखाली दीड लाख रुपये आगाऊ मागितले आहेत. मुलगा शिक्षण सोडायला तयार आहे. तो फार मोठा खेळाडू होईल अशी आपली अपेक्षा नाही. पण दर वर्षी नव्या संघाकडून खेळून दहा-बारा वर्षे व्यवस्थित कमावणारे खेळाडू जगात असतात, तसा तरी तो होऊ शकेल का, आणि त्या आयुष्यात नेमके काय असते, हे आपण विचारले आहे.

मी बरीच वर्षे एका खात्याच्या संघाकडून खेळलो आणि आता इथेच मुलांना शिकवतो. माझ्याबरोबरचे काही जण परदेशी लीगमध्ये खेळून आले आणि त्यांचे करार मी स्वतः वाचलेले आहेत. दीड लाख रुपये देऊ नयेत, हे आधीच सांगून ठेवतो. का देऊ नयेत, ते या व्यवसायाची रचना समजल्यावर आपोआप लक्षात येईल, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

दूरचित्रवाणीवर आपण एनबीए ही जी उत्तर अमेरिकेतील व्यावसायिक लीग पाहतो तिचे नियम उघड असल्यामुळे हा व्यवसाय तिथे सर्वांत स्पष्ट दिसतो. तिच्यात ३० संघ आहेत. प्रत्येक संघात नियमित कराराच्या १५ जागा असतात आणि २०२३-२४ च्या हंगामापासून त्याशिवाय दुहेरी कराराच्या तीन जागा असतात. म्हणजे संपूर्ण जगातून एका वेळी जास्तीत जास्त ५४० जण. त्यातच दर वर्षी ड्राफ्टच्या, म्हणजे संघांनी आळीपाळीने नवे खेळाडू निवडण्याच्या, दोन फेऱ्यांतून साठाच्या आसपास नवी मुले दारात उभी राहतात. पहिल्या आठ-नऊ खेळाडूंच्या जागा बऱ्याच अंशी पक्क्या असतात. खरी उलाढाल होते ती शेवटच्या पाच-सहा जागांवर, आणि संघ बदलत खेळणारा खेळाडू आयुष्यभर याच जागांसाठी झगडत असतो. दुहेरी करारावरचा खेळाडू मुख्य संघ आणि त्याचा जी लीग या दुय्यम लीगमधील संघ यांच्यात ये-जा करतो, मुख्य संघाकडून जास्तीत जास्त ५० सामन्यांसाठी उपलब्ध असतो आणि त्याला नवोदिताच्या किमान पगाराच्या निम्मा पगार मिळतो. त्याच्याही खाली फक्त जी लीगचा करार असतो, आणि २०२४-२५ मध्ये त्याचा हंगामाचा पगार साधारण ४३ हजार डॉलर होता. रुपयांत हा आकडा मोठा वाटतो, पण अमेरिकेत राहून, कर भरून आणि उन्हाळ्यातले सरावाचे महिने बिनपगारी काढून त्यातून फारसे काही शिल्लक राहत नाही.

या व्यवस्थेत एक दहा दिवसांचा करार असतो. तो दर वर्षी ५ जानेवारीपासून करता येतो, दहा दिवस किंवा तीन सामने यांपैकी जे जास्त असेल तितका काळ चालतो, आणि एकाच संघाला एका हंगामात एका खेळाडूशी असे दोनच करार करता येतात. तिसऱ्या वेळी एक तर त्याला हंगामाच्या शेवटापर्यंत ठेवावे लागते, नाही तर सोडून द्यावे लागते. सोलापूरच्या गिरण्या चालू होत्या तेव्हा बदली कामगार पहाटे दारात उभा राहायचा आणि ज्या खात्यात कोणी गैरहजर असेल त्या खात्यातल्या सांच्यावर (मागावर) जाऊन त्याच दिवशी पूर्ण पाळी काढून दाखवायचा. या खेळाडूची स्थिती अगदी तशीच असते. कोणाचा घोटा मुरगळला म्हणून त्याला बोलावणे येते, तो रात्रीच्या विमानाने पोहोचतो, सकाळी डॉक्टर तपासतात, दुपारी एक सहायक प्रशिक्षक पंधरा-वीस चाली दाखवतो आणि संध्याकाळी तो गणवेशात बाकावर बसलेला असतो.

ईश स्मिथ या खेळाडूची वाटचाल मुलाला मुद्दाम वाचायला सांगा. २०१० मध्ये त्याला ड्राफ्टमध्ये कोणीही घेतले नाही. त्यानंतर तो १३ वेगवेगळ्या संघांकडून खेळला आणि एनबीएमधला तो विक्रम आहे. त्याच्या आधी १२ संघांचा विक्रम चौघांच्या नावावर होता आणि त्यांतला जो स्मिथ हा १९९५ च्या ड्राफ्टमध्ये पहिल्या क्रमांकावर निवडला गेलेला खेळाडू होता. म्हणजे अगदी पहिला नंबर मिळवलेल्यालाही हे फिरणे चुकले नाही. ईश स्मिथ जेमतेम सहा फूट उंचीचा. चेंडू वेगाने पुढे नेणे, राखीव पाच जणांचा खेळ विस्कटू न देणे आणि मुख्य खेळाडू विश्रांती घेत असताना आघाडी गमावू न देणे, एवढे काम तो सतत करत राहिला. २०२३ मध्ये डेन्व्हर नगेट्सने विजेतेपद मिळवले तेव्हा तो त्या संघात होता.

अशा खेळाडूला संघ का सोडतो हे नीट समजून घ्यायला हवे, कारण आपल्याकडे 'काढून टाकले' म्हटले की खेळ बिघडला असेच मानले जाते. एनबीएमध्ये संघांच्या एकूण पगारावर मर्यादा आहे, त्यामुळे दोन संघांत अदलाबदल होताना दोन्ही बाजूंच्या पगारांची रक्कम जुळवावी लागते, आणि ती जुळवण्यासाठी एखाद्या साध्या खेळाडूचा करार मधे टाकला जातो. तसेच १० जानेवारीला त्या हंगामाचा सर्व पगार हमीचा होतो. म्हणून हमी नसलेल्या करारावरील खेळाडूंना त्याआधीच्या काही दिवसांत मोकळे केले जाते. आपल्याकडे गड्ड्याच्या जत्रेची लगबग चालू असते, त्याच दिवसांत तिकडे अनेक जण सामान बांधत असतात. यात त्यांच्या खेळाचा संबंध फार थोडा असतो. हे ज्याला मनापासून पटत नाही, तो प्रत्येक बदलीनंतर स्वतःचा खेळ बदलू लागतो, नको ते शॉट मारून स्वतःला सिद्ध करायला जातो आणि दोन-तीन वर्षांत संपतो. मी हे भारतातल्या संघांतही पाहिले आहे.

माझ्या मते आपल्या मुलासाठी सर्वांत उपयोगी उदाहरण पी. जे. टकर याचे आहे, आणि त्याच्यावर मी थोडे जास्त लिहिणार आहे. टकरची उंची सहा फूट पाच इंच, म्हणजे आपल्या मुलाहून फक्त एक इंच जास्त. टेक्सास विद्यापीठात तो बास्केटखाली खेळून गुण करायचा आणि त्या पातळीवर तो फार मोठा खेळाडू होता. २००६ मध्ये टोरांटो रॅप्टर्सने त्याला ३५ व्या क्रमांकावर घेतले, तो १७ सामने खेळला आणि हंगाम संपण्यापूर्वीच त्याला सोडण्यात आले. कारण सरळ होते. एनबीएमध्ये बास्केटखाली उभे राहणारे त्याच्याहून चार-पाच इंचांनी उंच होते. त्यानंतर पाच वर्षे तो इस्रायल, युक्रेन, ग्रीस, इटली आणि जर्मनी अशा देशांत खेळला. २००८ मध्ये इस्रायलमध्ये हापोएल होलोन आणि २०१२ मध्ये जर्मनीत बांबर्ग यांच्या विजेतेपदात त्याचा मोठा वाटा होता. २०१२ मध्ये एनबीएतील फिनिक्स संघाने त्याला परत बोलावले तेव्हा तो सत्तावीस वर्षांचा होता, आणि गुण करणारा म्हणून त्याला कोणी बोलावले नव्हते. प्रतिस्पर्ध्याच्या सर्वोत्तम खेळाडूला रोखणे, सुटा चेंडू मिळवणे आणि पुढच्या वर्षांत त्याने घोटून पक्का केलेला कोपऱ्यातला तीन गुणांचा शॉट, या तीन कामांवर तो त्यानंतर दहा वर्षांहून अधिक काळ एनबीएमध्ये टिकला आणि २०२१ मध्ये मिल्वॉकी बक्सबरोबर विजेता झाला.

आता हे आपल्या मुलाला लावून पाहा. महाराष्ट्राच्या कुमार संघात सहा फूट चार इंचांचा मुलगा म्हणजे उंच मुलगा. प्रशिक्षक त्याला बास्केटखाली उभा करतात, तो रिबाउंड, म्हणजे हुकून परत आलेला चेंडू, घेतो, पाठ लावून दोन गुण करतो आणि संघ जिंकतो. त्या पद्धतीने जिल्हा, विभाग, राज्य इथपर्यंत पोहोचता येते. परंतु युरोपात या उंचीचा खेळाडू गार्ड म्हणून, म्हणजे बास्केटपासून दूर चेंडू हाताळणारा म्हणून, खेळतो. त्याला दबावाखाली चेंडू पुढे न्यावा लागतो, दोन्ही हातांनी पास द्यावा लागतो आणि तीन गुणांसाठी ६.७५ मीटरवरून शॉट मारावा लागतो. आपल्या मुलाला जे येते ते तिथे साडेसहा फुटांचे वीस जण करतात, आणि तिथे जे लागते ते त्याला अजून कोणी शिकवलेले नाही. यात त्याचा दोष नाही. उंच मुलगा मिळाला की त्याला बास्केटखाली अडकवून ठेवण्याची सवय आपल्याच प्रशिक्षकांना लागली आहे, आणि त्यापायी अनेक चांगल्या मुलांचे नुकसान झाले आहे याचे मला मनापासून वाईट वाटते.

कोपऱ्यातला शॉट म्हणजे काय हे एकदा जवळून सांगतो. फिबा या जागतिक बास्केटबॉल संघटनेच्या नियमांनुसार तीन गुणांची रेषा समोरून ६.७५ मीटरवर असली तरी कोपऱ्यात ती बाजूच्या सीमारेषेपासून ९० सेंटिमीटर आत सरळ धावते, म्हणून तिथे अंतर ६.६० मीटर भरते. एनबीएमध्ये हा फरक त्याहून मोठा आहे, समोरून ७.२४ मीटर, कोपऱ्यात सुमारे ६.७० मीटर. म्हणजे तीन गुणांसाठीचा हा सर्वांत जवळचा शॉट असतो आणि तो ज्याला नीट येतो त्याला कुठल्याही संघात काम मिळते, कारण जगातल्या बहुतेक सगळ्या चालींत कोणी ना कोणी कोपऱ्यात उभे राहावेच लागते. अडचण अशी की त्या ९० सेंटिमीटरच्या पट्ट्यात दोन्ही पाय बसवायचे असतात. टाच मागे गेली की सीमारेषेवर पडते आणि चेंडू जातो. बोट पुढे आले की तिनाचे दोन होतात. आपल्याकडच्या बहुतेक शाळांच्या सिमेंटच्या मैदानांवर कोपऱ्यातली ही रेषा पुसट झालेली असते किंवा जुन्या मापाची असते, म्हणून आम्ही सरावाआधी चुन्याने ती पुन्हा आखतो. मग मुलाला मी सीमारेषेकडे न पाहता मागे सरकत जागेवर यायला सांगतो. चेंडू हातात येण्यापूर्वी गुडघे वाकलेले आणि तळवे पुढे आलेले हवेत. चेंडू आल्यावर वाकायला गेला की तेवढ्यात समोरचा येऊन पोहोचतो. एप्रिल-मेमध्ये हे सगळे पहाटे साडेपाचला सुरू करून ऊन चढण्याच्या आत आटोपावे लागते.

दुसरी गोष्ट मी मुद्दाम करतो. सरावाचा सामना रंगात आला की एका मुलाला अचानक समोरच्या संघात पाठवतो आणि त्या संघाची बाहेरून चेंडू आत टाकण्याची चाल लगेच खेळायला लावतो. ती चाल त्याने कधी केलेली नसते, पण गेला अर्धा तास तो तिच्याविरुद्ध बचाव करत असतो. ज्याने डोळे उघडे ठेवले होते त्याला कुठे उभे राहायचे ते कळते, बाकीचे भांबावतात. संघ बदलत खेळणाऱ्याची खरी परीक्षा हीच असते. नवा प्रशिक्षक त्याला शिकवायला महिना देत नाही. दोन दिवसांत चाली पाठ, संकेतशब्द पाठ आणि कोणाला चेंडू कुठे दिलेला आवडतो हेही पाठ, असे ज्याला जमते त्याचे नाव प्रशिक्षक एकमेकांना सांगतात आणि पुढचा करार बहुधा अशाच सांगण्यातून येतो.

आता परदेशी करारांकडे वळतो. युरोप आणि आशियातील बहुतेक लीगमध्ये प्रत्येक संघाला परदेशी खेळाडूंची ठरावीक संख्याच घेता येते. ही मर्यादा देशादेशांत वेगळी आहे. फिलिपाइन्सच्या लीगमध्ये तर काही स्पर्धांत परदेशी खेळाडूच्या उंचीवरही मर्यादा असते. आपला मुलगा भारतीय पारपत्रावर जाईल, म्हणजे त्याला या परदेशी जागांपैकीच एक मिळवावी लागेल, आणि त्या जागेसाठी त्याची स्पर्धा अमेरिकेतील महाविद्यालयांत चार वर्षे खेळून बाहेर पडलेल्या बावीस-तेवीस वर्षांच्या तयार खेळाडूंशी असेल. असे खेळाडू दर वर्षी शेकड्यांनी उपलब्ध होतात. कुठलाही क्लब ती मौल्यवान जागा न पाहिलेल्या अठरा वर्षांच्या मुलाला का देईल, हा प्रश्न त्या मध्यस्थाला विचारा. परदेशी खेळाडूकडून संघाची अपेक्षा सर्वांत जास्त असते, आणि संघ सलग चार सामने हरला की परतीचे पहिले तिकीटही त्याचेच काढले जाते.

खऱ्या व्यवहारात खेळाडू आगाऊ पैसे देत नाही. युरोपात एजंटचे मानधन कराराच्या रकमेच्या दहा टक्क्यांपर्यंत असते आणि बहुधा क्लबच ते देतो. एनबीएमध्ये ते खेळाडूच्या पगारातून, जास्तीत जास्त चार टक्के, आणि पगार मिळाल्यावर दिले जाते. करार झाला तरच एजंटला पैसे, म्हणून तो ज्याला काम मिळेल अशाच खेळाडूला हाती धरतो. जो आधी पैसे मागतो त्याची कमाई कराराशिवायच झालेली असते, मग करार करून देण्याची त्याला काय गरज? माझ्याकडे शिकलेल्या एका मुलाच्या घरच्यांनी असेच पैसे भरले होते. मुलगा पर्यटन व्हिसावर गेला, एका भाड्याच्या सभागृहात त्याच्यासारख्याच पैसे भरून आलेल्या मुलांबरोबर आठवडाभर सामने खेळला आणि परत आला. एकाही क्लबचा माणूस तिथे आलेला नव्हता. त्याच्या वडिलांनी त्यासाठी घरातले दागिने मोडले होते, म्हणून मी हे इतक्या आग्रहाने लिहीत आहे.

खरा करार समोर आला तर त्यात काय पाहायचे तेही सांगतो. पगार कर वजा जाता हातात किती आणि किती हप्त्यांत, हे पहिले. युरोपातले करार बहुधा आठ ते दहा महिन्यांचे असतात. उरलेले महिने खेळाडूचे स्वतःचे. राहण्याची जागा, जाण्या-येण्याचे विमानाचे तिकीट, वैद्यकीय विमा आणि कित्येकदा गाडी क्लब देतो आणि ते सगळे करारात लिहिलेले असते. 'वैद्यकीय तपासणी उत्तीर्ण झाल्यास' या अटीला मुदत हवी, नाही तर दुसरा चांगला खेळाडू मिळाल्यावर दोन आठवड्यांनी गुडघ्याचे निमित्त काढून परत पाठवता येते. दुखापत झाल्यास पगार चालू राहील का, हे स्पष्ट हवे. हप्ता ठरावीक दिवसांपेक्षा जास्त रखडला तर खेळाडूला सराव थांबवण्याचा आणि नंतर करार मोडून उरलेली रक्कम मागण्याचा हक्क असावा, कारण लहान क्लबांत पगार थकणे ही नेहमीची तक्रार आहे. आणि वाद झाल्यास तो फिबाच्या बास्केटबॉल लवादाकडे जाईल असे कलम हवेच हवे. हा लवाद २००७ पासून आहे, त्याचे ठिकाण जिनिव्हा आहे, तिथे खेळाडूला त्या देशातल्या न्यायालयांत खेटे घालावे लागत नाहीत, आणि निवाडा न पाळणाऱ्या क्लबवर फिबा नवे खेळाडू नोंदवण्यास बंदी घालू शकते. हे कलम करारात नसेल तर लवाद प्रकरण हाती घेत नाही. याशिवाय एका देशातून दुसऱ्या देशात खेळायला जाताना आपल्या राष्ट्रीय महासंघाचे मुक्ततापत्र लागते. आपल्याकडे आलेल्या मध्यस्थाने यांपैकी एकाही गोष्टीचा उल्लेख केलेला नाही, असे आपल्या पत्रावरून दिसते.

भारतातून बाहेर गेलेल्यांचा इतिहास लहान आहे. सतनाम सिंग भामरा याला २०१५ मध्ये डॅलस मॅव्हरिक्सने ५२ व्या क्रमांकावर निवडले. ड्राफ्टमध्ये निवडला गेलेला तो भारतात जन्मलेला पहिला खेळाडू. तो सात फुटांहून उंच होता, डॅलसच्या दुय्यम संघाकडून खेळला, पण एनबीएचा एकही सामना त्याला मिळाला नाही. कॅनडात वाढलेला, भारतीय वंशाचा सिम भुल्लर २०१५ मध्येच सॅक्रामेंटोकडून दहा दिवसांच्या करारावर एनबीएत उतरला आणि नंतर त्याने तैवानमध्ये बरीच वर्षे काढली. अमज्योत सिंग जपानमध्ये खेळला आणि २०१७-१८ मध्ये ओक्लाहोमाच्या जी लीग संघात होता. वाराणसीचा विशेष भृगुवंशी याच्याशी २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियातील ॲडलेड संघाने करार केला. गीतू अण्णा जोस ऑस्ट्रेलियात रिंगवूड क्लबकडून खेळली आणि २०११ मध्ये अमेरिकेत महिला लीगच्या संघांपुढे चाचण्या देऊन आली. ही माणसे भारताची सर्वोत्तम होती, बहुतेक जण भारताच्या ज्येष्ठ संघात चमकल्यावर बाहेर गेले, आणि तरीही बाहेरचा त्यांचा मुक्काम मोजक्या हंगामांचाच ठरला, भुल्लरचा अपवाद. दुसऱ्या श्रेणीचा क्लब अठराव्या वर्षी सोलापुरातून मुलगा उचलतो, ही गोष्ट या पार्श्वभूमीवर ठेवून पाहावी.

तर मग इथे काय करता येईल? भारतात बास्केटबॉलपटूचे पोट आजही मुख्यतः नोकरीवर चालते. रेल्वे, सेनादले, पोलीस, आयकर, ओएनजीसी, चेन्नईची इंडियन ओव्हरसीज बँक अशा संस्था क्रीडा कोट्यातून किंवा मानधनावर खेळाडू घेतात. सोलापूर हे मध्य रेल्वेच्या विभागाचे मुख्यालय असल्यामुळे रेल्वेच्या नोकरीचे मोल आपल्याला सांगायला नको. खेळाडू शिबिरे आणि स्पर्धांच्या काळात संघाबरोबर असतो, एरवी कार्यालयात, आणि खेळ थांबला तरी नोकरी थांबत नाही. पगार दर महिन्याला येतो. महाराष्ट्र शासनाच्या नोकऱ्यांतही खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. त्यासाठी स्पर्धांची प्रमाणपत्रे क्रीडा खात्याकडून पडताळून घ्यावी लागतात आणि आपल्यासाठी ते काम पुण्याच्या विभागीय उपसंचालक कार्यालयात होते. मुलाची कुमार राज्य आणि राष्ट्रीय स्पर्धांची मूळ प्रमाणपत्रे आजच एका जागी काढून ठेवा. घर बदलताना ती हरवल्यामुळे हातची संधी गेलेले खेळाडू मी पाहिले आहेत.

या वाटेची उणीवही सांगायला हवी. खात्याच्या संघात एकदा शिरलेला खेळाडू सहसा संघ बदलत नाही, त्याला वर्षात मोजकेच सामने मिळतात आणि कित्येकांचा खेळ पंचविशीतच थबकतो. २०१५ मध्ये सुरू झालेली यूबीए ही भारतातली व्यावसायिक लीग काही हंगामांनंतर बंद पडली. २०२२-२३ पासून आयएनबीएल या लीगमुळे शहरांच्या संघांकडून खेळण्याची नवी सोय झाली आहे. खात्याचे ना-हरकत पत्र घेऊन खेळाडू अशा लीगमध्ये उतरतात. नोकरीचा आधार आणि त्यावर एखाद्या लीगचा हंगाम, हे आपल्याकडचे फिरत्या खेळाडूचे आयुष्य आहे. ते मला अजिबात कमी दर्जाचे वाटत नाही.

म्हणून शिक्षण सोडण्याबद्दल माझे मत स्पष्ट आहे: सोडू नये. पदवी हाताशी असावी हे कारण तर आहेच, पण त्याहून मोठे कारण खेळाचेच आहे. खात्यांचे निवड करणारे लोक अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धा बारकाईने पाहतात, आणि तिथे खेळायला विद्यापीठाचा नियमित विद्यार्थी असावे लागते. कॉलेज सोडले की मुलगा नेमका त्या नजरेआड होतो. अभियांत्रिकीचा अभ्यास आणि सराव एकत्र जमत नसेल तर दुसऱ्या वर्षी शाखा बदलावी. त्याबाबत मी आपल्यावर दडपण आणणार नाही, घरची परिस्थिती आपल्याला ठाऊक. शक्य झाल्यास सुट्टीत त्याला पुण्याला किंवा मुंबईत नागपाड्याच्या मैदानावर खेळायला पाठवा. नागपाड्याने अब्बास मुंतसिर यांच्यासारखा अर्जुन पुरस्कार मिळवणारा खेळाडू भारताला दिला आहे, आणि तिथल्या संध्याकाळच्या सामन्यांत सहा फूट चार इंचांच्या मुलाला कोणी उंच म्हणून सवलत देत नाही.

पुढच्या दोन वर्षांसाठी त्याला बास्केटखालून बाहेर काढणे, हे पहिले काम. शाळा-कॉलेजच्या संघात प्रशिक्षक त्याला आतच उभे करणार, त्यांना सामने जिंकायचे असतात. म्हणून हे काम स्वतंत्र सरावात करावे लागेल. डावा हात, कोपऱ्यातला शॉट आणि आपल्यापेक्षा बुटक्या, चपळ खेळाडूला रोखणे, या तिन्हींपैकी रोखण्याचे काम सर्वांत आधी घ्यावे, कारण त्याला वर्षभरात फळ येते. सिमेंटवर उड्यांची संख्या मर्यादित ठेवावी आणि घोटा सुजलेला असताना खेळवू नये. एकविसाव्या वर्षी तो विद्यापीठाच्या संघात गार्ड म्हणून खेळत असेल तर परदेशाचा विचार पुन्हा करता येईल, आणि तेव्हा त्याला एजंट शोधावा लागणार नाही.

मध्यस्थाने दिलेला कागद माझ्याकडे घेऊन या. सही करण्यापूर्वी तो एखाद्या वकिलालाही दाखवावा. त्याबरोबर मुलाच्या सामन्यांची चित्रफीतही आणा, पण समाजमाध्यमांवर टाकतात तशी निवडक बास्केटची नको. चांगल्या संघाविरुद्धचे, शक्यतो हरलेले, दोन पूर्ण सामने हवेत. चेंडू दुसऱ्याकडे असताना तो कुठे उभा असतो, चूक झाल्यावर किती वेगाने मागे पळतो आणि बदली होऊन बाकावर बसल्यावर सामना पाहतो की नाही, हे त्यात दिसते, आणि पुढचे सगळे मला त्यावरूनच ठरवता येईल.